बाइकचा हेडलाइट बदलण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधून कुठल्याही दिशेला बाइक काढा, अंधारात घाट लागतोच. मुंबईकडे कसारा, पेठकडे सावळघाट, वणीच्या गडावर जाताना नांदुरीचा घाट, पुण्याच्या वाटेवर चंदनापुरी. शहरात रस्त्यावरचे दिवे भरपूर, त्यामुळे आपला हेडलाइट कमजोर आहे हे लक्षातच येत नाही. आडगाव नाका मागे पडला की कळतं. बाइकच्या वायरिंगचं काम करताना हेच प्रश्न रोज येतात, म्हणून उत्तरं एका जागी सविस्तर लिहिली आहेत. डोळ्यांसमोर दुचाकी आहे, पण बरंचसं चारचाकीलाही लागू पडतं.

रात्री रस्ता दिसत नाही. कोणता बल्ब टाकू?

बल्बचं शेवटी बघू. आधी डूमची, म्हणजे हेडलाइटच्या अख्ख्या खोक्याची काच बघा. हल्लीच्या गाड्यांना काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्यावरचा थर खराब होतो आणि ते पिवळट, धुरकट पडतं. अशा डूममध्ये कितीही महागाचा बल्ब घाला, निम्मा उजेड आतच विखुरतो आणि बाहेर पडतो तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ८०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून १५०० आणि २००० पर्यंत पाण्याने घासायचं, मग कंपाउंड मारायचा आणि वरून यूव्ही क्लिअर कोट द्यायचा. हा शेवटचा थर दिला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. नुसती टूथपेस्ट चोळणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते.

जुन्या बुलेटला किंवा गोल डूमच्या जुन्या गाड्यांना खरी काच असते. ती पिवळी पडत नाही, पण आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी जाते. रिफ्लेक्टर कापडाने पुसायला जाऊ नका. त्यावरचा चांदीसारखा थर फार नाजूक असतो, बोट लागलं तरी डाग राहतो. तो काळवंडला असेल तर डूमच बदलायचा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि इकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. बल्बच्या होल्डरवर १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर पाव भागाहून जास्त उजेड गेलेला असतो. गंजलेला अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली मायनसची वायर), हँडलजवळ दुमडून दुमडून तुटत आलेली वायर, स्विचच्या आतले काळे पडलेले पॉइंट, यांतच तो एखादा व्होल्ट हरवतो. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग होल्डरवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर पैसे बल्बवर न घालता वायरिंगवर घाला. मूळचाच बल्ब नव्यासारखा पेटलेला बघून लोक चकित होतात.

तिसरी गोष्ट फोकस, म्हणजे झोत कुठे पडतो ते. तिच्यासाठी पुढचा प्रश्न स्वतंत्र ठेवला आहे, कारण आमच्याकडे 'उजेड कमी आहे' म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा फोकस आकाशाकडे किंवा पुढच्या चाकाच्या पायाशी असतो.

फोकस घरी सेट करता येतो का?

येतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. सपाट जागा, समोर सरळ भिंत, खडू आणि टेप एवढंच हवं. सोसायटीचं पार्किंग पुरतं.

टायरमधली हवा बरोबर करून घ्या. गाडी स्टँडवरून काढून सरळ धरा आणि तुम्ही स्वतः तिच्यावर बसा. गाडी रिकामी असताना केलेला फोकस माणूस बसल्यावर बदलतो. हेडलाइटपासून भिंत ५ मीटरवर ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजायला सांगा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर आडवी रेघ मारा. तिच्या ५ सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. डिपर (खाली झुकलेला, जवळचा झोत) लावल्यावर उजेडाची वरची कड या खालच्या रेघेवर आली पाहिजे. गोल डूमला दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे सैल करून डूम वर-खाली होतो. बाकी बऱ्याच गाड्यांना डूमच्या मागे किंवा खाली एक स्क्रू असतो.

ही ५ मीटरला ५ सेंटिमीटरची घसरण म्हणजे १ टक्का. हेडलाइट जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल तर डिपरची वरची कड साधारण ८० मीटरवर रस्त्याला टेकते. फोकस आणखी थोडा खाली, दीड टक्क्यावर गेला तर हेच अंतर ५३ मीटरवर येतं. आता ब्रेकचा हिशेब बघा. ताशी ६० ला माणूस दचकून ब्रेकपर्यंत पोचायला दीड सेकंद धरला तर तेवढ्यात २५ मीटर जातात, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी २८ मीटरच्या आसपास. ५३ मीटर तिथेच संपले. ताशी ८० ला हा आकडा ८० मीटरच्या पुढे जातो. रिफ्लेक्टर नसलेली कांद्याची ट्रॉली पिंपळगावच्या रस्त्यावर पुढे उभी असेल, तर भिंतीवरच्या त्या दोन-तीन सेंटिमीटरवर सगळं अवलंबून असतं.

मागे माणूस बसला आणि बॅगा बांधल्या की मागचं सस्पेन्शन दबतं, पुढचं तोंड वर होतं आणि डिपर समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. डबलसीट गडावर निघणार असाल तर मागच्या शॉकअपचं सेटिंग कडक करा. तेवढ्यावर भागत नसेल तर फोकस एक घर खाली घ्या आणि परत आल्यावर पूर्ववत करा.

माझ्या गाडीला एच-४ लागतो की एचएस-१? दिसायला तर सारखेच आहेत.

दिसायला सारखे, कामाला वेगळे. एचएस-१ हा ३५/३५ वॅटचा आणि एच-४ हा ६०/५५ वॅटचा. कंपनीच्या मापानुसार एचएस-१ अप्परला (लांबच्या झोताला) ८२५ आणि डिपरला ५२५ ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. एच-४ चे तेच आकडे १,६५० आणि १,०००. म्हणजे सरळ दुप्पट. बुलेटसारख्या मोठ्या गाड्यांना वर्षानुवर्षं एच-४ येतो. कम्युटर गाड्यांना बहुधा एचएस-१ किंवा त्याहून छोटा बल्ब.

दुप्पट उजेडाचा मोह पडतो आणि मग एचएस-१ च्या होल्डरमध्ये कानशी मारून एच-४ बसवला जातो. बसतो तो, पण गाडीची वीज बनवणारी कॉइल, स्विच आणि वायर ३५ वॅटच्या हिशेबाने दिलेली असते. बल्बच्या पितळी बुडावर कोरलेलं नाव वाचा आणि तेच घ्या. ओसराम आणि फिलिप्सकडे त्याच वॅटमध्ये थोडा जास्त उजेड देणारे प्रकारही मिळतात. त्यांचं आयुष्य साध्या बल्बपेक्षा कमी असतं, पण कायदा, वायरिंग आणि फोकस यांतलं काहीच बिघडत नाही. मी तरी पहिला सल्ला तोच देतो.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

दुकानदार ९०/१०० वॅटचा हॅलोजन देतोय. टाकू का?

नको. ५५ वॅटला साधारण साडेचार अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर. असा बल्ब काही महिने चालवलेल्या गाडीचा होल्डर काढून बघा: प्लास्टिक चॉकलेटी पडून भुगा होत असतं, अर्थच्या पिनवर निळसर झाक आलेली असते, आणि वायरचं रबर पिनेपासून बोटभर मागेपर्यंत कडक होऊन तडकलेलं असतं. डूमला आतून धुराचा थर बसतो, तो कधीच निघत नाही. एका बल्बपायी डूम, होल्डर आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग) तिन्ही जातात. आणि रस्त्यावर चालवायला हा बल्ब मंजूरही नाही.

हॅलोजनच्या डूममध्ये एलईडी बल्ब बसवला तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

रिफ्लेक्टर हा एका ठरावीक बिंदूवरचा उजेड पकडून रस्त्यावर मांडायला घडवलेला असतो. हॅलोजनमध्ये त्या बिंदूवर केसाएवढी फिलामेंट असते. एच-४ मध्ये तर दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरला वरची कड स्वच्छ कापलेली दिसते. एलईडीमध्ये फिलामेंटच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप लावलेल्या असतात. पट्टी जाड असेल, चिप मिलिमीटरभर पुढे-मागे असतील किंवा वाटीची नक्कल नीट नसेल, तर रिफ्लेक्टरला उजेड चुकीच्या जागेवरून मिळतो. मग चालवणाऱ्याला गाडीपुढचा दहा मीटरचा रस्ता दिवसासारखा पांढरा दिसतो, 'काय भारी लाइट आहे' असं वाटतं, आणि पन्नास मीटरवरचा खड्डा आधीपेक्षाही कमी दिसतो. जवळचा रस्ता झगझगीत झाला की डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी दाट वाटतो. समोरून येणारा तर आंधळाच होतो.

याचा अर्थ सगळे एलईडी बल्ब टाकाऊ आहेत असा नाही. काहींची चिप अगदी फिलामेंटच्या मापाची आणि त्याच जागी असते. जर्मनीत २०२० पासून ठरावीक गाड्यांच्या ठरावीक डूमसाठी काही एलईडी बल्ब मंजूर झाले, पण तिथेही मंजुरी डूम आणि बल्ब या जोडीला आहे, कुठल्याही गाडीला सरसकट नाही. आपल्याकडे बाजारात दोन-तीनशे रुपयांना पंख्यासह मिळणाऱ्या बल्बचा आणि त्या मंजुरीचा काही संबंध नाही.

तरीही लावायचाच असेल तर दुकानातच भिंतीसमोर गाडी लावा. आधी हॅलोजनची कड भिंतीवर खडूने आखा, मग एलईडी घालून बघा. चिप डाव्या-उजव्या बाजूंना तोंड करून असल्या पाहिजेत, घड्याळात तीन आणि नऊ वाजतात तशा. वर-खाली असतील तर बल्ब फिरवून बसवा. कड हॅलोजनएवढी स्वच्छ आली नाही, रेघेच्या वर ठिपके आणि पट्टे दिसले, तर बल्ब परत करा. दुकानदार भिंतीवर दाखवायला तयार नसेल तर तिथून घेऊच नका.

एचआयडी किट?

एचआयडी म्हणजे झेनॉनचा बल्ब. ३५ वॅटचा बल्ब ३,२०० ल्युमेन देतो, हॅलोजनच्या दुप्पट-तिप्पट. पण तो प्रोजेक्टरसाठी, म्हणजे पुढे भिंग असलेल्या डूमसाठी आहे. साध्या रिफ्लेक्टरमध्ये घातला तर वर सांगितलेला सगळा त्रास होतो आणि तोही कितीतरी पटींनी. शिवाय पेटल्यावर पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात, बॅलास्ट (त्याला वीज पुरवणारा डबा) ठेवायला जागा लागते, आणि पावसात तो बॅलास्टच आधी जातो. बाइकवर लावू नका.

मग पूर्ण एलईडीचा डूमच बदलला तर? ऑनलाइन प्रोजेक्टरवाले गोल डूम मिळतात.

उजेड खरोखर वाढवायचा असेल तर हा रस्ता बल्ब बदलण्यापेक्षा चांगला. इथे चिप आणि लेन्स एकमेकांसाठीच बनवलेली असतात. पण घेताना एक बारीक गोष्ट बघा, ती जाहिरातीत कुणी सांगत नाही.

आपण डावीकडून गाडी चालवतो. म्हणून आपल्या डिपरची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढलेली असते. उजव्या हाताला समोरून येणारी गाडी असते, तिला त्रास नको. डाव्या हाताला साइडपट्टी, चालणारी माणसं, झाडं, ती लांबपर्यंत दिसली पाहिजेत. अमेरिका, चीन आणि युरोपचा बराच भाग उजवीकडून चालवतो. त्यांच्यासाठी बनवलेल्या डूमचा झोत बरोबर उलटा. तो इथे लावला की चढलेली कड थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाते, आणि फोकसचा स्क्रू कितीही फिरवला तरी ती जात नाही.

ओळखायचं कसं? युरोपीय पद्धतीच्या मंजुरीच्या डूमवर काचेच्या कोपऱ्यात वर्तुळात ई आणि एक आकडा असतो. त्याजवळ, समोरून बघताना, उजवीकडे बाण असेल तर तो डूम डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी. बाण नसेल तर उजवीकडून चालणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीला चालणारा. डूमवर कुठलीच खूण नसेल तर भिंतीवर झोत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कंपनीच्या गाड्यांना डूम पुरवणाऱ्या युनो मिंडा, ल्यूमॅक्स, फिएम यांचे सुटे भाग अधिकृत दुकानात मिळतात. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात एलईडी डूम येत असेल तर आधी त्याची चौकशी करा. कपलर जुळला तर सगळ्यात बिनघोर बदल तोच.

पाकिटावर २०,००० ल्युमेन लिहिलंय. खरं असतं का?

नाही. चांगली एलईडी एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन देते. २० वॅटच्या बल्बमधून २,००० च्या आसपास निघतील आणि लेन्स, रिफ्लेक्टरमधून बाहेर येईपर्यंत त्यातलेही बरेच गळतील. पाकिटावरचा आकडा सोडा आणि किती अँपिअर ओढतो ते क्लॅम्प मीटरवर बघा. १२ व्होल्टला दीड-पावणेदोन अँपिअर म्हणजे २० वॅट. बल्बवर '१२० वॅट' लिहिलेलं असतं आणि मीटर दोन अँपिअर पण दाखवत नाही, हे दृश्य आम्ही नेहमी बघतो.

इगतपुरीच्या धुक्यात पांढरा चांगला की पिवळा?

पावसाळ्यात कसारा घाटात ढगच रस्त्यावर उतरतो. हिवाळ्यात पहाटे निफाडकडे, गोदेच्या काठाने वेगळं धुकं. दोन्हीकडे उत्तर एकच: रंगाआधी उंची आणि कड.

पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो असं सगळे म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे ते पांढरा, पिवळा, निळा सगळे रंग जवळपास सारखेच परतवतात. फरक डोळ्यांना वाटण्यात आहे. ६,००० ते ६,५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर पांढऱ्या उजेडाचा परतणारा भाग डोळ्यांना जास्त टोचतो, ओल्या डांबरावर तो चमकतो आणि पांढरे पट्टे दिसेनासे होतात. ३,००० केल्विनचा पिवळा किंवा ४,३०० च्या आसपासचा दुधी पांढरा निवांत वाटतो. हॅलोजन मुळातच ३,२०० च्या घरात असतो, म्हणून मुसळधार पावसात जुन्या हॅलोजनवाल्याला नव्या एलईडीवाल्यापेक्षा जास्त दिसतं आणि नवी गाडी घेणारा चक्रावतो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत सगळ्या गाड्यांना पिवळेच हेडलाइट सक्तीचे होते.

धुक्यात अप्पर कधीच लावू नका. समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. डिपर ठेवा, फॉग लाइट असतील तर ते लावा, वेग पाडा आणि डाव्या पट्ट्यावर नजर ठेवा. घाटात हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून चालवू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालत आहात ते कळत नाही, आणि वळताना तुमचा इंडिकेटरही दिसत नाही.

जादा लाइट लावायचे आहेत. कोणते आणि कुठे?

दोन जाती वेगळ्या समजा. फॉग लाइटचा झोत रुंद, आखूड आणि वरून सपाट कापलेला. ड्रायव्हिंग लाइट किंवा स्पॉटचा झोत अरुंद आणि लांब. फॉग खाली लावायचे, लेगगार्डच्या खालच्या नळीवर, म्हणजे उजेड धुक्याच्या थराखालून सरकतो. ते हेडलाइटच्या पातळीला किंवा वर लावले तर फॉग लाइट म्हणून त्यांचा उपयोग उरत नाही.

नाशिकच्या आसपास मला स्पॉटपेक्षा रुंद झोत जास्त कामाचा वाटतो. निफाड-दिंडोरीकडच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी ऊस आणि द्राक्षबागा. धोका समोरून नाही, बाजूने येतो: कुत्रं, गाय, बांधावरून अचानक वर येणारा ट्रॅक्टर, कधी बिबट्यासुद्धा. सावळघाटातल्या वळणांवर तर स्पॉटचा झोत वळण सोडून दरीत जातो.

वायरिंग रिलेवरूनच करा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवरून. चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले घ्यायचा. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या प्लसमधून फ्यूज घालून वायर, ८७ मधून लाइटला, ८५ अर्थला आणि ८६ ला स्विचमधून येणारी वायर. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, वीतभर अंतराच्या आत. २० वॅटचे दोन लाइट म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत, त्यांना ५ किंवा ७.५ चा फ्यूज पुरतो. ८६ ची वायर थेट बॅटरीवर देऊ नका. किल्ली बंद केल्यावर लाइट बंद झाले पाहिजेत, नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली सापडते. स्पॉट असतील तर ८६ अप्परच्या वायरवर घ्या, म्हणजे डिपर मारला की तेही आपोआप विझतात. समोरून एसटी आली की अंगठ्याच्या एकाच हालचालीत सगळं खाली आलं पाहिजे.

मूळ वायर कापून, पिळून, टेप गुंडाळून केलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. कपलर वापरा, नाहीतर जोड डाग देऊन (सोल्डर करून) घ्या आणि वर हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा.

माझ्या गाडीची बॅटरी झेपेल का?

बॅटरीला नाही, कॉइलला विचारा. गाडी चालू असताना सगळा भार मॅग्नेटची कॉइलच उचलते. बॅटरी फक्त मधली टाकी. जुन्या कम्युटर गाड्यांमध्ये हेडलाइट थेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो, म्हणून रेस दिली की उजेड वाढतो आणि सिग्नलला मंदावतो. अशा गाडीत एलईडी घातला की तो फडफडतो आणि लवकर मरतो. आधी डीसी करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी रेक्टिफायरसुद्धा (एसीचा डीसी करणारा भाग) बदलावा लागू शकतो.

झेपतंय की नाही हे बघण्याची सोपी रीत: सगळे लाइट लावा, इंजिन थोड्या रेसवर ठेवा आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.५ च्या वर असेल तर ठीक. १३ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी चार्ज होत नाही, जादा लाइट कमी करा.

नव्या गाडीला हेडलाइटचा स्विचच नाही. तो बसवून घेऊ का?

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट आपोआप पेटता ठेवणं सक्तीचं आहे. दिवसा समोरच्याला तुम्ही लवकर दिसावं यासाठी. स्विच बसवू नका. बॅटरी उतरेल ही भीती निराधार आहे, भार कॉइलवरच असतो.

पोलीस किंवा आरटीओ पकडतील का?

पकडू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असाच निकाल दिला. डिपरबाबतच्या नियमाचा गाभा असा, की ८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांवर झोत जाता कामा नये.

त्याच वॅटचा, त्याच जातीचा मंजूर बल्ब हा दुरुस्तीचा भाग. लाल-निळे चमकणारे दिवे, स्ट्रोब, हेडलाइटच्या वर लावलेले बार हे उघड बेकायदा. मधल्या गोष्टींसाठी, विशेषतः जादा लाइटसाठी, पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारून घ्या. वायरिंग कापलेल्या गाडीला शॉर्टसर्किट झालं तर विमा कंपनी क्लेमवर बोट ठेवू शकते आणि नव्या गाडीची इलेक्ट्रिकलची वॉरंटीही जाते, हेही धरून चाला.

यूट्यूबवर बर्फातल्या स्नोमोबिलचे लाइट बघितले. ते आपल्याकडे चालतील का?

त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. ती गाडी रस्त्यावर नाही, बर्फाच्या वाटांवर आणि मोकळ्या मैदानात धावते. अंधारात सगळीकडे उजेड फेकणारे लाइट तिथे चालतात, कारण समोरून एसटी येत नाही. ते विकले जातात तेच 'ऑफ-रोड' म्हणून, म्हणजे त्यांना डिपरची कड नसते. तिथला एक त्रास मात्र आपल्याला शिकवून जातो: एलईडीची काच गार राहते, म्हणून तिच्यावर पडलेला बर्फ वितळत नाही आणि लाइट झाकला जातो. हॅलोजनच्या उष्णतेने तो वितळायचा. आपल्याकडे बर्फ नाही, पण तापलेल्या हॅलोजनच्या डूममधलं दमट धुकं जसं चालता चालता वाळतं तसं एलईडीच्या डूममधलं लवकर वाळत नाही. लेह किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी पहाटे निघताना काच हाताने पुसून घ्यावी.

डूममध्ये पाणी जातंय. काय करू?

पावसानंतर काचेच्या आत हलकी वाफ धरली आणि तासाभरात गेली तर काही बिघाड नाही. डूमला श्वास घ्यायला बारीक नळी किंवा भोक असतं. ते सिलिकॉन भरून बुजवू नका. पाणी साचत असेल तर मागचा रबरी बूट बघा. पंख्याचा एलईडी बल्ब बसवताना तो बूट कापला जातो आणि तिथूनच पाणी शिरतं. जादा लाइट घेताना आयपी-६७ बघा: धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण याचा अर्थ वॉशिंगवाल्याने प्रेशरचा पाइप जवळून मारला तरी चालेल असा नाही. त्या माऱ्यासाठी वेगळी मोजणी आहे, आयपी-६९के.

समोरचे सगळे अप्परवर येतात. मी जोरदार लाइट लावला तर निदान त्यांना कळेल ना?

हा राग मला समजतो, दर रात्री मीही तेच सोसतो. पण डोळे दिपलेला ट्रकवाला दोन-तीन सेकंद काहीच बघत नाही, आणि ते सेकंद तो तुमच्याच दिशेने येत असतो. एकदा डिपर मारून इशारा द्या. त्याने अप्पर नाही उतरवला तर नजर डाव्या पांढऱ्या पट्ट्यावर आणा आणि वेग कमी करा. हेल्मेटची काच स्वच्छ आणि बिनचरेची ठेवा. चरे पडलेल्या काचेवर समोरचा उजेड चांदण्यांसारखा फुटतो आणि अर्धा त्रास तिथूनच होतो. रात्री रंगीत किंवा काळी काच लावू नका.

काम झाल्यावर दुकानातून निघण्याआधी काय तपासू?

भिंतीसमोर अप्पर-डिपर दोन्ही बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि वायर ताणली जात नाही ना, लाइट लुकलुकत नाही ना ते बघा. हॉर्न, ब्रेकलाइट, इंडिकेटर सगळे एकत्र लावून इंजिन रेसवर बॅटरीचं व्होल्टेज पुन्हा मोजा. दहा मिनिटं लाइट चालू ठेवून होल्डरला हात लावा. गरम लागेल, पण चटका बसता कामा नये. काढलेला जुना बल्ब टाकून देऊ नका, कापडात गुंडाळून सीटखाली ठेवा. मग त्याच रात्री अंधारात, ओळखीच्या रस्त्यावर, मित्राला समोरून त्याची गाडी घेऊन यायला सांगा आणि त्याला विचारा, डोळ्यांवर येतोय का.